गुडघ्याला काहीच झालं नव्हतं

आठ महिने मी डाव्या गुडघ्याला तेल चोळलं. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं.

हे मला बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांनी मला टेबलावर उताणं झोपवलं, पाय दुमडला आणि पाऊल धरून हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवलं. गुडघ्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी असा ओरडलो, की बाहेर नंबर लावून बसलेल्या एक आजी उठून घरी गेल्या.

"गुडघा उत्तम आहे तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "खुबा गेलाय."

त्याच दुपारी एमआरआय झाला. पत्र्याच्या पिंपात घालून बाहेरून कुणीतरी दांडकं बडवावं, तसा तो प्रकार असतो. घाबरू नका, त्रास पिंपात होत नाही, रिपोर्ट आल्यावर होतो. माझ्या रिपोर्टात होतं ॲव्हॅस्क्युलर नेक्रॉसिस. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला की हाड आतल्या आत मरतं. माणूस जिवंत, हाड मेलेलं. आणि खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. चोरी वरच्या मजल्यावर, बोंब तळमजल्यावर.

"काय करता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आइस डान्स."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठं?"

"वालचंदनगरला."

त्यांनी डोक्याचाही एमआरआय सांगितला नाही, हे त्यांचे उपकार.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. आइस डान्स म्हणजे बर्फावरचा जोडीचा नाच. पायात धारदार पात्यांचे बूट, त्याची आणि तिची पावलं संगीताशी आणि एकमेकांशी तंतोतंत जुळलेली. मोठ्या उड्या नसतात, पण उचलणं असतं. पुरुषानं गुडघ्यात वाकून, पात्याच्या एका कडेवर घसरत, जोडीदारणीला उचलून गिरकी घ्यायची. दोघांपैकी एकाचं पाऊल चुकलं की दोघांचे गुण जातात.

माझी जोडीदारीण म्हणजे माझी धाकटी बहीण, स्नेहल. आबा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात टर्नर होते आणि आम्ही स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथल्या क्लबाच्या कोब्यावर आम्ही चाकांच्या स्केट्सवर शिकलो. पुढं एका शिबिरात बर्फ भेटला आणि तिथंच फसलो. बर्फाचं खरं मैदान पार उत्तरेत, देहरादूनला. तिथं वर्षातून दोन-तीनदा जायचं, उरलेलं वर्ष कोब्यावर काढायचं. पात्यांना धार आबा लावायचे. स्नायूंना थंडीची सवय हवी म्हणून मी इंदापुरात ओळखीच्या एका डाळिंबवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्नेहलला उचलायचा सराव करायचो. तिथला हमाल पहिल्याच दिवशी म्हणाला, "पोरगी कशाला उचलताय? पेट्या उचला की. पैसं तरी मिळत्याल."

गावाला समजावणं सगळ्यात अवघड. "कुणासंगं नाचतोस?" "बहिणीसंगं." त्यावर समोरचा विषय बदलून उसाला पाणी दिलं का विचारायचा.

पण एक गोष्ट सगळ्यांना आवडायची. मी स्नेहलला उचललं की ती डोळे मिटून घ्यायची. मान मागं, डोळे मिटलेले, चेहरा शांत. परीक्षक त्यावर खूश असायचे. एक परीक्षक मला म्हणाले होते, इतका विश्वास जोडीत दिसत नाही हो हल्ली. हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. डॉक्टरबाईंनाही ऐकवलं. त्या रिपोर्ट वाचत होत्या.

"स्टेरॉइड घेतलंय कधी?"

"छे! खेळाडू आहे मी." मी छाती पुढं काढून म्हणालो.

"देशी औषध? चूर्ण? पुडी?"

छाती आत गेली.

पुडी तात्यांची. तात्या माझे थोरले चुलते, लासुर्ण्याला राहतात, ऊस करतात, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडं एक माणूस असतो. सरावानं माझा गुडघा खरंच जरासा सुजला होता. चार दिवस बसलो असतो तर उतरला असता. तात्या म्हणाले, "बसतोस कशाला? पुडी खा. बैलाला दिली तर बैल शर्यत मारंल." पुडीवाला इंदापूरच्या पुढं एका शेडमध्ये बसायचा. पुडी कोमट दुधातून घ्यायची. पथ्य दोनच गोष्टींचं: वांगं आणि डॉक्टर.

तीन दिवसांत गुडघा असा झाला, जसा काही तो मला नव्हताच. भूक वाढली. गाल भरले. आई खूश, "आत्ता कुठं आंगावर मास आलं." मी वर्षभर पुड्या खाल्ल्या. त्या वर्षी आम्हाला राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य मिळालं. मला वाटलं, मी सुधारलो. मग पुड्या संपल्या, गुडघा पुन्हा दुखायला लागला आणि मी तेलावर आलो.

"गाल भरले नव्हते," डॉक्टर म्हणाल्या. "सुजले होते. पुडीत स्टेरॉइड असणार. दुखणं झाकलं आणि हाडाचं रक्त तोडलं. तुम्ही मात्र मेलेल्या हाडावर बहिणीला उचलत राहिलात."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. गोळा अजून खचलेला नव्हता. कोअर डीकंप्रेशन करून बघू, म्हणजे हाडाला भोकं पाडून आतला दाब कमी करायचा, नवं रक्त येतंय का वाट बघायची. "पण हे चालण्यासाठी," त्यांनी बोट वर केलं. "आपला स्वतःचा खुबा जितका टिकेल तितका टिकवायला. बर्फ विसरा. आजपासून."

मी मान हलवली. मान हलवणं सोपं होतं, तिथं काही दुखत नव्हतं.

खोटं बोलायचं ठरवून मी घरात शिरलो नव्हतो, खरंच सांगतो. पण स्नेहल दारातच उभी होती, बुटांच्या नाड्या धुऊन दोरीवर टाकत होती. तिनं विचारलं, "कधी उतरायचं बर्फावर?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "तीन महिने. हाडाला भोकं पाडायची, विश्रांती घ्यायची, झालं."

"मग मोसम मिळतोय की आपल्याला!" ती म्हणाली आणि नाड्यांना परत चिमटे लावायला लागली.

भोकं पाडली. कुबड्या आल्या. त्या पायावर भार टाकायचा नाही, असा हुकूम होता. दवाखान्यातल्या वाट बघण्याच्या खोल्या मला तेव्हा कळायला लागल्या. तिथं सगळ्यांना सगळ्यांचा आजार ठाऊक असतो आणि प्रत्येकाला आपलाच मोठा वाटतो. माझा ऐकून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, नाचून पण हाडं मरत्यात. बरं झालं मी लग्नात नाचलो न्हाय."

स्नेहल कोब्यावर एकटी सराव करायची. माझ्या जागी कपडे वाळत घालायचा बांबू धरून. आई पायरीवर बसून बघायची आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बांबू बरा. सरळ तरी उभा ऱ्हातुय."

एका संध्याकाळी स्नेहल माझ्या खाटेवर येऊन बसली. "अंगदचा फोन होता," म्हणाली. अंगद गुरुग्रामचा. त्याची जोडीदारीण शिकायला परदेशी निघून गेली होती. आपल्याकडं बर्फावर जोडीनं नाचणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक मोकळा झाला होता. "म्हणाला, माझ्यासोबत ट्रायल दे. मी नाही म्हणून सांगितलं. तीनच महिने तर आहेत."

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. मी म्हणालो, "बरं केलंस."

त्यानं पुन्हा फोन केला. तिनं पुन्हा नाही सांगितलं. मी पुन्हा म्हणालो, बरं केलंस. जोडीदार नसला तर आइस डान्सरला स्पर्धेत नावच घालता येत नाही. बांबू चालत नाही. तिचा मोसम माझ्या खुब्याच्या वाटीत अडकला होता आणि ते फक्त मला माहीत होतं. दुखत होतंच, पण मी दात आवळून "कमी आहे, कमी आहे" म्हणायचो. आजारी माणूस बिचारा असतो असं आपण धरून चालतो. तो हलकटही असू शकतो, हे लिहून ठेवतो.

तपासणीला त्या दिवशी स्नेहलच घेऊन गेली, आमच्या जुन्या व्हॅनमधून. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. वाटीतला गोळा वरून चपटा झाला होता, पिळून टाकलेल्या लिंबासारखा.

"कोलॅप्स," त्या म्हणाल्या. "गोळा खचला. आता टोटल हिप रिप्लेसमेंट. जुना सांधा काढून धातूचा बसवायचा. चालाल, जिना चढाल, सायकल मारा. मांडी घालून बसायचं नाही. वजन उचलायचं नाही."

"आणि बर्फ?" हे स्नेहलनं विचारलं. "कधीपर्यंत?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. बर्फ विसरा म्हणून."

"पहिल्याच दिवशी?"

"याच खुर्चीत बसले होते हे."

स्नेहल उठली, माझ्या कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि पुढं चालायला लागली. एरवी ती दार धरून उभी राहायची. त्या दिवशी दार माझ्या तोंडावर आलं.

साखर कारखाने चालू होते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. जंक्शन गावाच्या अलीकडं आमची व्हॅन एका ट्रॅक्टरमागं अडकली आणि तिथं ती पहिल्यांदा बोलली.

"तीन महिने कुणी सांगितले होते?"

"मीच."

"मग भोकं पण तूच पाडायचीस."

ट्रॅक्टरवाला गाणी लावून निवांत बसला होता. ती समोर बघत बोलत होती. "रौप्यपदकाच्या वेळी तुझी उत्तेजक चाचणी झाली असती ना, तर माझं पण पदक गेलं असतं. वाचलंय मी. जोडी असते दादा. तू खाल्लेली पुडी माझ्या पण नावावर चढते." मग काच वर करत, "पुडी तुला कळत नव्हती. मान्य. हे तर तुला कळत होतं."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं.

"एक अक्षर बोललास तर इथंच उतरवीन," ती म्हणाली. मागं-पुढं ऊस होता आणि हातात कुबड्या.

घरी येऊन तिनं अंगदला फोन लावला. तो म्हणाला, आठवडाभर थांबतो म्हणालो होतो, किती दिवस झाले बघ. दुसऱ्या एका मुलीची ट्रायल ठरली आहे. यायचं तर त्याच दिवशी ये, प्रशिक्षक दोघींना बघून ठरवतील. तो दिवस आणि माझ्या ऑपरेशनचा दिवस एकच निघाला.

आई तिच्यावर चिडली. "भावाला टाकून चाललीस व्हय गं? अशा वक्ताला?"

"त्यानं मला आधीच टाकलंय, आई. मला आत्ता कळलं." आणि तिनं बूट पिशवीत भरले.

तर ऑपरेशनच्या दिवशी माझ्याजवळ आबा आणि तात्या. मणक्यातून भूल देतात. कमरेखाली तुम्ही नसता, पण कान शाबूत असतात. पडद्याच्या पलीकडं करवत चालली, मग हातोडी. ठाण, ठाण, ठाण. वर्कशॉपात वाढलेल्या माणसाला त्यात भिण्यासारखं काही नाही, फक्त यंत्रावर जॉब कुठला चढवलाय ते आठवू द्यायचं नाही.

काढलेलं हाड नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडं पद्धत आहे. नर्स ट्रेमध्ये माझा गोळा घेऊन बाहेर गेली. आबांनी तो उलटसुलट बघितला, नखानं खरवडला. मग नर्सला म्हणाले, "हे मरणारच. वंगणच पोचलं न्हाय की वो." तात्यांनीही वाकून बघितलं. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. "पुडी चांगलीच हाय. ह्याचं हाडच कच्चं निघालं." हे ते वॉर्डात मला येऊन म्हणाले, माझ्यासाठी आणलेलं शहाळं स्वतः पीत.

दुसऱ्याच दिवशी वॉकरवर उभं करतात. तुम्हाला कुणी हे सांगितलं तर विश्वास ठेवा, खरंच उभं करतात. मी नऊ वर्षं पात्याच्या कडेवर तोल सांभाळला होता. त्या सकाळी सपाट फरशीवर, रबरी बुडाच्या चार पायांचा आधार घेऊन, मला संडासापर्यंतचं अंतर इंदापूरएवढं वाटलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, "छान. आता वळा." मी वळताना सवयीनं हात डौलदार बाहेर काढला. समोरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "टॅक्सी बोलवतोय काय?"

आणि त्याच दिवशी स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. कसा आहेस वगैरे नाही. "मला घेतलं," ती म्हणाली. "पण ट्विझलमध्ये आमची फारकत होतेय." ट्विझल म्हणजे एका पायावर पुढं सरकत घेतलेल्या गिरक्या, दोघांच्या अगदी एका मापाच्या. "आपण सुरुवातीला श्वास कुठं घ्यायचो? त्याला सांग."

तिनं फोन अंगदकडं दिला. तो गोरा, उंच, फारच नम्र. मला "भैया" म्हणाला. मी जेवणाच्या ट्रेवर दोन बोटं चालवून त्याला दाखवत राहिलो. डावं, उजवं, श्वास, वळ. नऊ वर्षांत जमवलेलं सगळं त्या मुलानं वीस मिनिटांत उचललं. शेवटी म्हणाला, "थँक यू भैया, बहुत ईज़ी है।" मी ट्रे सरकवून झोपलो. नर्सला वाटलं, दुखतंय. तिनं इंजेक्शन दिलं. मी घेतलं.

आता मी चांगला चालतो. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं फिरायला जातो, क्लबाच्या कोब्यावर पोरांना शिकवतो. पंगतीत मला खुर्ची देतात, आणि तिथून सगळ्यांची टकलं दिसतात, हा फायदा.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी, ज्यांचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाहीये. खुबा बघायला सांगा. मांडीच्या सांध्यात, जांघेत कळ येत असेल, पाय आत-बाहेर वळवताना अडत असेल, तर तेल बाजूला ठेवा. तीन दिवसांत बरं करणारी पुडी कुणी दिली तर ती पुडी घेऊनच डॉक्टरकडं जा. आणि डॉक्टर जे सांगतील ते घरी तसंच्या तसं सांगा. हाडाला भोकं पाडून घेणं परवडलं. ज्यांचं आयुष्य तुमच्या पायाला बांधलंय त्यांच्यापासून ते लपवणं परवडत नाही. त्या डॉक्टरबाईंचे मी आभार मानायला गेलो होतो, की तुम्ही माझा पाय वाचवलात. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला वाचवलं. तुमचं हाड तर कापून टाकलं मी." ते वाक्य मी कुणाला फारसं ऐकवत नाही.

या मोसमात मी देहरादूनला गेलो होतो, स्नेहल आणि अंगदची राष्ट्रीय स्पर्धा बघायला. बर्फावर पाय ठेवायची मला मनाई. कठड्याबाहेर उभा राहिलो, हातात तिची पाण्याची बाटली आणि पात्यांची कव्हरं. त्यांनी आमचंच उचलणं घेतलं होतं, तीच गिरकी, तेच संगीताचं वळण. अंगद वाकला, तिला उचललं. मी श्वास धरला. कुठंतरी, लिहायला लाज वाटते, मला वाटत होतं की जरा डगमगावं. फार नाही. जरासंच.

डगमगला नाही. ती जोडी तिसरी आली. पहिल्याच मोसमात.

ती बाहेर आली, कठड्याला टेकून पात्यांना कव्हरं चढवायला लागली. माझ्याशी आता ती बोलते, पण कामापुरतं. मी बाटली पुढं केली आणि माझी खोड काही गेली नाही.

"छान झालं," मी म्हणालो. "पण उचलताना तू डोळे मिटले नाहीस. ती जादूच गेली बघ. परीक्षक काय म्हणायचे, आठवतं ना? विश्वास!"

ती घटाघटा पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"विश्वास कसला, दादा," ती म्हणाली. "तू पाडशील म्हणून मिटायचे."